लोखंडातून काय गेलं

जऊळक्याच्या स्टेशनावर बाबांनी माझी ट्रंक उचलली, थोडं चालले आणि खाली ठेवून दिली. "सुमे, गोटे भरले काय वं ह्यात?" तेव्हा आमच्याकडे लहान रुळांची गाडी होती. तिने अकोल्याला जायचं, तिथे उतरून मोठी गाडी पकडायची आणि संध्याकाळी नागपूर. फलाट म्हणजे मुरमाची एक लांब पट्टी. तिच्यावर कुणाच्या तरी तुरीच्या पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्या सावलीत आम्ही उभे. बाबांनी ट्रंक पुन्हा उचलली नाही, पायाने ढकलत सावलीत आणली. कॉलेजची पुस्तकं जड असतात असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि मी त्यांना तसं ठरवू दिलं.

पुस्तकं फारशी नव्हतीच. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला, आमच्या दालमिलचा मेलेला चुंबक होता.

माझी आई, जिला आम्ही माय म्हणायचो, स्टेशनवर आली नव्हती. ट्रंक तिनेच भरली होती. ओसरीवर मी वाकून नमस्कार केला तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "तूच ने तो. तुह्या कॉलेजात कोनाले तरी ठाऊक असंन. मी त्याच्यातून काय काढून घेतलं, ते मले सांगजो."

इरा आणि तन्मय, तुमच्या एडमंटनच्या फ्रिजवर तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक शहराचा एक चुंबक आहे. परवाच्या व्हिडिओ कॉलमध्ये इराने त्यांतला एक काढून मला दाखवला आणि विचारलं, "आजी, पण हा का चिकटतो?" मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, तरी मी म्हटलं, "थांब, लिहून सांगते." मागून तन्मय म्हणाला, "आजीला एक प्रश्न विचारला की ती गावापासून सुरू करते." ते खरं आहे. हा प्रश्न मला गावातच मिळाला आणि त्याच्यामागेच मी गाव सोडलं. म्हणून तिथूनच सुरू करते. अडलात तर तुमच्या बाबांकडून वाचून घ्या. बोलणी मी वऱ्हाडीतच ठेवली आहेत. ती माणसं दुसऱ्या कशात बोललेली मला आठवत नाहीत.

आमची दालमिल मोठी नव्हती. टिनाचं छप्पर, एक ऑइल इंजिन, पट्टे आणि तुरीची सालं काढणारा खरबरीत दगडाचा रोलर. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, ती मिळून चालवायचे. मेडशीपासून रिठदपर्यंतच्या शेतकऱ्यांची तूर आमच्याकडे यायची आणि तुरीबरोबर खळ्यावरचं सगळं यायचं. माती, काड्या, विळ्याची तुटकी टोकं, बैलाच्या नालेचे खिळे. माती-काड्या चाळणीत पडायच्या. लोखंडासाठी चुंबक होता. रोलरच्या वर, जिथून तूर घसरत खाली येते त्या पन्हाळीत तो बसवलेला असायचा, घोड्याच्या नालेसारखा वाकडा आणि तळहातापेक्षा मोठा. तूर त्याच्या अंगावरून वाहत जाई आणि लोखंड तिथेच थांबे. शाळेतून आल्यावर त्याला चिकटलेला माल ओढून काढणं हे माझं काम होतं. खिळा सुटताना बोटांना जो हट्ट जाणवायचा तो मला अजून आठवतो. एखाद्या लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी सोडवून घेतल्यासारखा.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पुजायची. मिलची पूजा मायकडे होती. मोठीमाय, म्हणजे माझी मोठी काकू, देवघराचं बघायची आणि माय अवजारांचं. त्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पान्हे, पट्ट्यांच्या चाकांच्या कडा, तराजूची पारडी, सगळं चिंच आणि राख लावून ती असं घासायची की इंजिनाच्या पितळी पाटीत आपला चेहरा दिसावा. फक्त चुंबक तिला दाद देत नसे. तुरीला तेलपाणी लावतात, त्याचा चिकट थर त्याच्यावर बसलेला आणि त्या थरात लोखंडाचा बारीक कीस. पुसला की कीस फडक्यावरून उडी मारून परत त्याच्याच अंगावर. दरवर्षी ती कुंकू लावायची आणि कुंकू त्या काळ्या किसात बुडून जायचं.

मी सहावीत असतानाची गोष्ट. त्या वर्षी रब्बीसाठी फाळ आणि विळे लोहाराकडे जायचे होते. मायने त्यांच्याबरोबर चुंबकही पाठवला. घाण बसलेला तवा विस्तवात लाल केला की सगळं जळून तवा स्वच्छ होतो, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तिने तेच केलं. लोहाराने चुंबक भट्टीत लालबुंद केला आणि हाताच्या सवयीने, विळ्याला देतो तसं त्याला पाणी दिलं, म्हणजे तापलेला तसाच पाण्यात बुडवला. परत आला तेव्हा तो कधी नव्हे इतका सुंदर दिसत होता. निळसर, गुळगुळीत, एक कण चिकटलेला नाही. मायने त्याला झेंडूचं फूल वाहिलं. कण का चिकटलेला नाही, हे आम्हा कुणाच्याच मनात आलं नाही. स्वच्छ आहे म्हणून चिकटलेला नाही, असंच वाटलं.

दसऱ्यानंतर मिल सुरू झाली आणि पहिल्याच तुरीबरोबर विळ्याचं टोक रोलरमध्ये गेलं. मी आवाज ऐकला तो घरातून. दगडाचा मोठा टवका उडून टिनाला लागला होता. कुणाला लागलं नाही, पण रोलर फुटला, आणि नवीन अकोल्याहून येईपर्यंत लोकांची तूर आमच्या अंगणात पडून राहिली. मोठेबाबांनी चुंबक काढला, त्याला खिळा लावून पाहिला. खिळा खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "जीव गेला त्याच्यातला. बाईमानसानं अवजाराले जास्त हात लावला का असंच होते."

बाबा गप्प राहिले. त्यांचा स्वभाव तसा होता, आणि मोठ्या भावापुढे तर होताच. माय पदर सावरून आत गेली. पुढच्या नवमीला अवजारं चुलतभावांनी धुतली. मायला कुणी येऊ नको म्हटलं नाही, तीच गेली नाही. नंतर कधीच गेली नाही. मिल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि बाबांचा डबा ती माझ्या हाती पाठवायची. गावातल्या बायका विहिरीवर विचारायच्या, "काहून वं, मिलवर दिसत नाई तू?" ती म्हणायची, "घरीच लय कामं हाय."

नवीन चुंबक आला. जुना मायने फडताळात ठेवला. मी तो कधीकधी काढून बघायची. वजन तेवढंच, आकार तोच, धातू तोच. मग गेलं ते काय? जीव म्हणावा तर तो लोखंडात शिरला कसा होता? बारावीनंतर विज्ञान शिकायला नागपूरला जाते असं मी म्हटलं तेव्हा घरात बराच गोंधळ झाला. तो सांगत बसत नाही, शेवटी बाबा एकदाच बोलले आणि तेवढं पुरलं. पण जायचं कशासाठी हे मला आणि मायला ठाऊक होतं. तिला उत्तर हवं होतं. डोक्यावर एक दोष घेऊन ती जगत होती आणि आपण नेमकं काय केलं हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्टेलवर मी चुंबक टेबलावर ठेवला. खोलीतल्या मुली त्याने अक्रोड फोडायच्या. सगळं शिक्षण इंग्रजीत. गावच्या शाळेत मी इंग्रजी पाठ केली होती, आता तिच्यात विचार करायचा होता. पहिल्या वर्षी मी वर्गात हात वर करायच्या आधी मनात वाक्य तीनदा घोटायची, आणि तोपर्यंत तास पुढे गेलेला असायचा. हळूहळू जमलं. इतकं जमलं की सुट्टीत घरी गेल्यावर मायला काही समजावताना शब्द सापडेनात. ज्या भाषेत मला गोष्टी कळायला लागल्या होत्या, त्या भाषेत माय नव्हती. तुम्हाला हे वेगळ्या बाजूने ठाऊक असेल.

पहिलं उत्तर मी दिवाळीत घेऊन गेले. चुंबकात लहान लहान असंख्य चुंबक असतात, ते एका दिशेला तोंड करून उभे असतात, भट्टीत ते विस्कटले. माय तांदूळ निवडत होती. "पोट्टे पांगले म्हनतेस. मंग भट्टी थंड झाल्यावर कामून नाई परतले? जेवाच्या टायमाले तं सगयेच येते घरी."

मी म्हटलं, ते अजून शिकवलं नाही. तिने मान हलवली, जणू कॉलेज म्हटल्यावर थोडा उशीर होणारच.

मलाही त्या उत्तरात काहीतरी खुपत होतं. प्रयोगशाळेत दोन पट्टीचुंबक शेजारी शेजारी, तोंडं एका बाजूला करून ठेवले, तर ते तसे राहत नाहीत. गिरकी घेतात आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे होतं. मग लोखंडातले असंख्य लहान चुंबक आपणहून एका दिशेला कसे राहतात? एकमेकांना ओढून राहतात म्हणावं, तर ती ओढ फार दुबळी. खोलीतल्या साध्या उष्णतेनेसुद्धा मोडेल इतकी. आणि मुळात तो लहानातला लहान चुंबक कशाने झाला? याच्या पुढचं पुस्तकात आणखी विचित्र होतं. विजेचे कण फिरतात म्हणून चुंबक होतो, असं धरून जुन्या नियमांनी शेवटपर्यंत गणित केलं, तर उत्तर शून्य येतं. इरा, जुन्या नियमांच्या जगात तुझ्या फ्रिजवर काहीही चिकटलं नसतं. साधा चुंबक हातात धरला की आपण क्वांटम यांत्रिकी हातात धरलेली असते. तिच्याशिवाय तो नाहीच.

हे मला एम.एस्सी.ला कळलं. शिकवणाऱ्या मॅडम बारीक आवाजात बोलायच्या आणि फळा भरून टाकायच्या. इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक चुंबक आहे, त्याला ते जन्मतःच मिळालेलं आहे. त्या गुणाला स्पिन म्हणतात. नाव फिरण्याचं असलं तरी काही गरगर फिरत नसतं. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन उलटसुलट जोड्या लावून एकमेकांना निकामी करतात. लोखंडात काही बिनजोडीचे उरतात. आता हे उरलेले एका दिशेला का वळतात? तर निसर्गात एक नियम आहे की एकाच दिशेचा स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन एका जागी राहू शकत नाहीत. त्यामुळे ते एकमेकांपासून अंतर राखून असतात. आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांवर वीज एकाच जातीची, जवळ आले की एकमेकांना ढकलणारी. दूर राहिले की ढकलाढकली कमी, म्हणजे खर्च कमी. लोखंडात हा हिशेब असा बसतो की सगळ्यांनी एका दिशेला तोंड करणं स्वस्त पडतं. तांब्यात, लाकडात तसा बसत नाही. तेवढ्यावर सगळं आहे.

मॅडमनी शेवटची ओळ लिहिली आणि मला हसू आलं. समोर फळा नव्हताच. समोर आमचं स्वयंपाकघर होतं.

त्या उन्हाळ्यात घरी गेले. माय अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "माय, तू अन् मोठीमाय एका चुलीवर होत्या तेव्हाचं आठवते?"

"इसरीन कशी? भाजीत मीठ दोनदा पडे. तिचं अन् माह्यं."

"का बरं भांडत होत्या तुम्ही?"

"दोघी सारख्याच ना वं. दोघीइलेबी आपल्याच हातानं पाह्यजे."

"मग चूल वेगळी झाली."

"मंग कायले भांडन? ती तिच्या घरात, मी माह्या. सनावाराले एका तोंडानं बोलतो आता. तुह्या बापाले कदी उलटं बोलाचं असंन तं आदी तिले इचारतो."

"तेच आहे लोखंडात," मी म्हटलं. आणि सांगितलं. सारख्या तोंडाचे दोघे एका चुलीपाशी बसूच शकत नाहीत. म्हणून दूर राहतात. दूर राहतात म्हणून भांडण कमी, आणि भांडण कमी म्हणून सगळ्यांना तसंच राहणं परवडतं. कुणी कुणाला ओढत नाही. इलेक्ट्रॉनला स्वभाव नसतो, तो रुसत नाही, हेही मी सांगितलं, कारण मास्तरकीची सवय लागायला लागली होती. मायने ते सोडून दिलं.

मग मी तिच्या जुन्या प्रश्नाकडे आले. भट्टीत लोखंड लाल झालं तेव्हा सगळी तोंडं खरोखरच विस्कटली. पण गार होताना ती परतली, माय. तुझी पोरं जेवायच्या वेळेला घरी आली. फक्त गावात असतात तशा लोखंडातही गल्ल्या असतात, आणि प्रत्येक गल्ली आपापल्या दिशेला वळली. एका गल्लीचं तोंड स्टेशनकडे, दुसरीचं नाल्याकडे, तिसरीचं भलतीकडेच. गल्लीच्या आत सगळे एकमताचे, पण गावाचं एकमत नाही, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. खिळा खाली पडतो आणि लोक म्हणतात जीव गेला. "तू त्याच्यातून काहीच काढून घेतलं नाही. होतं ते सगळं त्यात तसंच आहे."

तिने हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाली, "काईच नाई गेलं?"

"काहीच नाही."

"मंग इतके सालं मी कायले घरात बसली?"

मी ट्रंकेतून चुंबक काढला. येण्याआधी आमच्या प्रयोगशाळेत मी त्याच्याभोवती जाड तारेचं वेटोळं घातलं होतं आणि तारेतून क्षणभर जोराची वीज सोडली होती. तिथले मदतनीस कुरकुरले की फ्यूज गेला तर तुमच्या बापाकडून आणून द्या. फ्यूज गेला नाही. बाहेरून एक जोराची दिशा मिळाली की आतल्या गल्ल्या तिच्याकडे वळतात, आणि पोलाद कडक असेल तर वीज बंद झाल्यावरही वळलेल्याच राहतात. आमचं पोलाद कडक होतं, लोहाराने सवयीने पाणी दिलं होतं म्हणून. ते नसतं दिलं, तर त्याचं चुंबकपण पुन्हा टिकलं नसतं.

मायने हात पुसले, आतून विळा आणला आणि लांबूनच पुढे केला. विळा तिच्या हातातून निसटून खणकन चुंबकाला बसला. ती दचकली. मग दोन्ही हातांनी ओढून तो सोडवला आणि पुन्हा लावला. मी लहानपणी ओढायची तशीच, हट्टाला हट्ट करत.

नंतर तिने लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला, चुंबक हातात घेतला आणि मिलकडे चालू लागली. मी मागून.

मोठेबाबा पोत्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. आमच्या घरी धाकटी सून मोठ्या दिराशी सरळ बोलत नसे, तोही तिच्याशी बोलत नसे. मध्ये कुणीतरी लागायचं. त्या दिवशी मध्ये मी होते, एम.एस्सी.ची परीक्षा दिलेली. मायने चुंबक पन्हाळीजवळच्या लोखंडी खांबाला लावला. तो तिथेच राहिला, आणि ती हात मागे घेऊन उभी राहिली. बाबा इंजिनापाशी होते. त्यांनी इंजिन बंद केलं.

मोठेबाबा उठले. चुंबक ओढून पाहिला, सहज निघाला नाही. त्यांनी त्याला पालथा-उलथा करून पाहिलं, परत लावला आणि मला म्हणाले, "सुमे, तुह्या मायले सांग. या नवमीले अवजारं तिनंच धुवा लागते म्हना. पोट्टे कुकू कमी लावते अन् चिखल जास्त."

मायने पदर पुढे ओढला. "सांग त्याइले. धुईन म्हना. भट्टीत नाई घालनार."

अडकित्ता थांबला. बाबा इंजिनाच्या मागे काहीतरी शोधायला वाकले, त्यांचे खांदे हलत होते. मोठेबाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "सांग तिले, घातला तरी चालते. दुरुस्त कराले पोरगी हाय आता."

माफी म्हणाल तर एवढीच. मायला ती पुरली का, हे मी कधी विचारलं नाही. पण त्या वर्षीच्या नवमीला चुंबकावरचं कुंकू लांबून दिसत होतं.

त्यानंतर मी गावी परतेन असं सगळ्यांना वाटत होतं. प्रश्न सुटला होता ना. पण नागपूरच्या एका कॉलेजात मला लेक्चररची जागा मिळाली, आणि या वेळी गाव सोडताना मी फलाटावर रडले. पहिल्या वेळी रडले नव्हते, तेव्हा माझ्याकडे काम होतं. आता मी नुसतीच जात होते. या खेपेला माय स्टेशनवर आली होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "कोनी कोनाले ओढत नाई, असं तूच म्हने ना? मंग कायले रडून राह्यली?"

गाडी हलली तरी मी हसत होते. तुमच्या आजोबांना लग्नानंतर सगळ्यात आधी मी हेच सांगितलं होतं.

तुमचे बाबा कॅनडाला निघाले तेव्हा विमानतळावर मलाही तेच म्हणायचं होतं. जमलं नाही. काच सरकली, ते दिसेनासे झाले, आणि मी आणि आजोबा पार्किंगमध्ये आपली गाडी कुठे लावली ते विसरून बराच वेळ फिरत राहिलो. मायचं बोलणं जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही. अंतर राखून एका दिशेला राहणं निसर्गाला स्वस्त पडत असेल, माणसाला त्याची किंमत द्यावी लागते. ते समीकरणात धरलेलं नसतं.

आजोबा गेल्यावर मी नागपूरचा फ्लॅट बंद करून वाशीमला आले. इथून जऊळकं जवळ. मिल आता माझा भाचा चालवतो. त्याच्याकडे दाण्याचा रंग ओळखून वेचणारं यंत्र आहे आणि लोखंडासाठी कितीतरी जबर चुंबक. स्टेशनवर मोठी गाडी थांबते. माय नाही, मोठेबाबा नाहीत. जुना चुंबक त्याच खांबाला आहे, आणि नवमीला मी जाते.

तन्मय, मागच्या हिवाळ्यात तू आला होतास. आमच्याकडे मले-तुले म्हणतात, म्हणून भाच्याची मुलं तुझ्या "मला-तुला"ला हसली. तू मिलमध्ये येऊन पोत्यावर बसलास. "घर म्हणजे जिथे फोन आपोआप वायफायला लागतो" हा तुझा नेहमीचा विनोद तू त्या दिवशी केला नाहीस. तू म्हणालास, "आजी, माझ्यातून काहीतरी निघून गेलंय. कधी गेलं ते कळलंच नाही." मी तेव्हा तुझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. हे मी एकदा ऐकलेलं होतं, दुसऱ्या तोंडून, आणि त्याचं उत्तर शोधायला मला वर्षं लागली होती. ते मिलमध्ये घाईने देण्यासारखं नव्हतं.

आता देते. तुझ्यातून काही गेलेलं नाही. एक गल्ली एडमंटनकडे तोंड करून आहे, एक बाबांच्या मराठीकडे, एक तुझ्या मित्रांकडे, एक कदाचित मिलमधल्या त्या पोत्यांकडे. प्रत्येक आपल्या जागी शाबूत आहे. एकमत नाही एवढंच, म्हणून बाहेरून रिकामं वाटतं, आणि आतूनही. घर आपल्याला ओढतं असं लोक म्हणतात. मला आयुष्यभरात तशी ओढ मोजता आली नाही. जऊळकं माझं घर आहे, पण ते मला ओढतं म्हणून नव्हे. तिथे त्या खांबापाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले की माझ्या आतलं सगळं एकीकडे वळतं, आणि मग पुढच्या नवमीपर्यंत मी कुठेही राहिले तरी चालतं. तुम्हा दोघांना अशी जागा सापडेल. ती जऊळकंच असली पाहिजे असा माझा हट्ट नाही. थोडा आहे.

सोबतच्या पार्सलात एक दाभण आहे, पोती शिवायची मोठी सुई. ती मी त्या चुंबकावर घासली आहे. एकाच दिशेने घासायचं असतं, आणि परत येताना उचलून आणायचं. बुचाच्या तुकड्यावर ठेवून ती भांड्यातल्या पाण्यात सोडा. थोडी डुलेल आणि मग उत्तर-दक्षिण होऊन थांबेल, तुमच्याकडे जराशी तिरकी. इरा, ती जराशी तिरकी का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार, तो मला ठाऊक आहे.

दाभण गॅसवर धरू नका. आणि धरलीच, तर टाकून देऊ नका. दिशा विसरली असेल, गेलेलं काही नसेल. घेऊन या.